चेस्टनट: चीर देण्यापासून केकपर्यंत

चेस्टनटला सुक्यामेव्याच्या रांगेत बसवलं की स्वयंपाकातली निम्मी फजिती तिथेच सुरू होते. बदामात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं, ताज्या चेस्टनटमध्ये जेमतेम एक-दोन टक्के. उलट त्याचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं आणि उरलेल्यातला बराचसा भाग स्टार्च. म्हणजे हा बटाट्याचा भाऊबंद, बदामाचा नव्हे. तो फ्रीजमध्ये का ठेवायचा, भाजण्याआधी चीर का द्यायची, गरम असतानाच का सोलायचा आणि त्याच्या पिठाचा केक का फुगत नाही, या सगळ्याचं उत्तर त्या पाण्यात आणि स्टार्चमध्ये आहे.

आधी ओळख, मग खरेदी

झाडाखाली पडलेले वेचून आणणार असाल तर हा परिच्छेद वगळू नका. हॉर्स चेस्टनट नावाचं एक वेगळंच झाड आहे. त्याची बी दिसायला तशीच तपकिरी आणि चकचकीत असते, पण ती विषारी आहे, भाजून किंवा उकडूनही ती खाण्यालायक होत नाही. ओळखायची खूण बोंडात आहे. खाण्याच्या चेस्टनटचं बोंड सुईसारख्या बारीक, दाट काट्यांनी भरलेलं असतं, उघड्या हाताने धरवत नाही. आत बहुधा दोन-तीन फळं असतात, त्यांची एखादी बाजू चपटी असते आणि टोकाला बारीक शेंडी असते. हॉर्स चेस्टनटच्या बोंडावर मोजके, जाडसर, आखूड काटे असतात. आतली बी गोलसर, तिला टोक नाही की शेंडी नाही. शंका असेल तर खाऊ नका. वॉटर चेस्टनट हा आणखी तिसराच प्रकार, पाण्यात वाढणारा आणि कुरकुरीत. पाककृतीत एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

विकत घेताना हातात घेऊन बघा. चांगला चेस्टनट आकाराच्या मानाने जड लागतो आणि अंगठ्याने दाबला तर टरफल आत जात नाही. टरफल आणि गर यांच्यामध्ये पोकळी जाणवली तर तो सुकलेला आहे. टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर आतली अळी जेवून बाहेर पडली असं समजा. घरी आणल्यावर सगळे पाण्यात टाका आणि तरंगतील ते बाजूला काढा. तरंगणारा प्रत्येक किडकाच असतो असं नाही, नुसता सुकलेलाही तरंगतो. पण सुकलेल्याची आतली साल निघता निघत नाही, म्हणून मी दोघांचीही गय करत नाही.

युरोपात बाजारात दोन नावं ऐकू येतात. फ्रान्समध्ये शातेन्य आणि मारों, इटलीत कास्तान्या आणि मारोने. फरक केवळ आकाराचा नाही. साध्या जातीत आतली पातळ साल गराच्या पोटात शिरते आणि फळाचे दोन-तीन कप्पे करते. मारोंमध्ये ती बाहेरूनच गुंडाळलेली असते. फ्रान्समध्ये एखाद्या जातीची १२ टक्क्यांपेक्षा कमी फळं अशी कप्पेवाली निघाली तरच तिला मारों म्हणतात. सूप किंवा प्युरी करायची असेल तर साधी जात उत्तम, चवही बहुतेकदा तिचीच सरस. फळ अख्खं दिसायला हवं असेल तर मात्र मारोंचे पैसे मोजा.

किलोभर घेतले तर सोललेला गर पाऊण किलोच्या आतच हाती येतो. पाककृतीत दिलेलं वजन सोलल्यानंतरचं आहे की टरफलासकट, हे आधी बघून घ्या.

साठवणीचं थोडक्यात सांगायचं तर: फ्रीजमध्ये, कागदी किंवा भोकं पाडलेल्या पिशवीत. हवाबंद प्लास्टिकमध्ये घाम सुटतो आणि बुरशी धरते; बाहेर टोपलीत सजवून ठेवले तर आठवड्याभरात खडखडीत होतात. झाडावरून नुकतेच पडलेले असतील तर मात्र थोडा धीर धरा. थंडीत काही दिवस राहिले की त्यातल्या स्टार्चची थोडी साखर होते आणि ते गोड लागतात. जपानमध्ये मुद्दाम शून्य अंशाच्या आसपास काही आठवडे ठेवून हे साधतात. इटलीतल्या डोंगराळ भागात ताजे चेस्टनट काही दिवस, परंपरेने नऊ दिवसांपर्यंत, थंड पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग नीट वाळवतात. त्याने अळी मरते, बुरशी रोखली जाते आणि माल जास्त टिकतो.

चीर

टरफलाच्या आत पाणी आहे आणि बाहेर पडायला वाट नाही. अशा वस्तूला उष्णता दिली की ती फुटते, आणि चेस्टनट चांगला दणकून फुटतो. त्यामुळे ओव्हन असो, तवा असो की मायक्रोवेव्ह, चिरेशिवाय एकही फळ आत जाता कामा नये.

चेस्टनट चपट्या बाजूवर पालथा ठेवा म्हणजे तो डुगडुगत नाही. फुगीर बाजूवर आडवी चीर द्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. छोट्या फुलीपेक्षा ही लांब चीर बरी, कारण भाजल्यावर ती ओठांसारखी उघडते आणि टरफल दोन तुकड्यांत निघतं. सुरी दातेरी हवी, गुळगुळीत पात्याची सुरी टरफलावरून घसरते आणि बोटावर येते. टरफल कापलं गेल्यावर हात थोडा आणखी दाबून आतली पातळ सालही कापा, गरात मिलिमीटरभर सुरी गेली तरी चालेल. हे झालं नाही तर टरफल सुटतं आणि साल मात्र अंगाला चिकटून बसते.

चिरा दिल्यावर अर्धा-पाऊण तास कोमट पाण्यात भिजवा. टरफल ओलं झालं की भाजताना आत वाफ धरते आणि गर कोरडा पडत नाही.

भाजणे

ओव्हन २०० ते २१० अंशांवर तापवून घ्या. पाणी निथळून चेस्टनट ट्रेमध्ये एकाच थरात, चीर वर करून मांडा. मध्यम आकाराला २० ते २५ मिनिटं, मोठ्याला ३० मिनिटं लागतात. चिरा फाकून आतला पिवळसर गर दिसू लागला की एक काढून चाखा. दाताखाली तो मऊ आणि किंचित पिठूळ लागायला हवा, कचकच लागला तर अजून पाच मिनिटं.

शेगडीवर करायचे तर जाड बुडाची कढई किंवा भोकांचा तवा घ्या, मध्यम आच ठेवा, झाकण घाला आणि दर दोन-तीन मिनिटांनी हलवा. पंचवीस-तीस मिनिटं लागतात. मधूनमधून पाण्याचा हबका मारला तर बाहेर खरपूस डाग पडतात आणि आतून वाफही मिळते. चीनमध्ये रस्त्यावरचे विक्रेते साखर घातलेल्या गरम बारीक वाळूत किंवा खड्यांत चेस्टनट परततात. उष्णता सगळ्या बाजूंनी सारखी लागते आणि टरफलाला चकाकी येते. घरी तो उपद्व्याप करू नये असं माझं मत आहे.

एअर फ्रायरमध्ये १८० ते १९० अंशांवर १५ ते १८ मिनिटं पुरतात. मायक्रोवेव्ह फक्त चार-सहा चेस्टनटची तलफ भागवण्यापुरता: चीर देऊन, ओल्या कापडाखाली, दीड-दोन मिनिटं. जास्त ठेवले की ते चिवट होतात आणि परत मऊ होत नाहीत.

सोलणे

खरं काम इथे आहे. बाहेरचं टरफल कोणालाही काढता येतं. त्याच्या आत लोकरीसारखी, तपकिरी, गराच्या प्रत्येक घडीत शिरलेली पातळ साल असते, आणि ती टॅनिनमुळे इतकी तुरट असते की थोडीशी राहिली तरी अख्ख्या प्युरीची चव बिघडवते.

गर गरम आणि वाफाळता असेपर्यंत साल सुटी असते. तो गार होऊ लागला की ती पुन्हा घट्ट बसते. म्हणून भाजलेले चेस्टनट लगेच जाड कापडात गुंडाळा आणि गाठोडं हाताने दाबा, टरफलं कडकडा मोडल्याचा आवाज येईल. दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग गाठोडं उघडं न टाकता एकेक बाहेर काढा. चिरेच्या दोन्ही कडा अंगठ्यांनी बाहेर वळवा, टरफल उलटं मोडा, साल बहुतेक त्याच्याबरोबरच येते. घडीत अडकलेली सुरीच्या टोकाने उचला. बोटं भाजतात, त्याला इलाज नाही. पातळ सुती हातमोजे थोडीफार मदत करतात. ढीग गार झाला तर चिडचिड न करता तो तीन-चार मिनिटं गरम ओव्हनमध्ये परत ठेवा.

पुढे शिजवायचेच असतील तर मी भाजण्यापेक्षा उकळत्या पाण्याने सोलते. चिरा दिलेले चेस्टनट गार पाण्यात घाला, उकळी आणा, चार-पाच मिनिटं उकळू द्या आणि गॅस बंद करा. पातेल्यातून एका वेळी दोन-तीनच काढायचे, बाकीचे गरम पाण्यातच राहू द्यायचे. गर अजून कच्चा असल्यामुळे तुटत नाही आणि साल सरकन निघते. पातेलं स्टीलचं घ्या. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की पाणी काळं पडतं आणि गरही. आणखी एक युक्ती: चीर देऊन फ्रीझरमध्ये गोठवलेले चेस्टनट थेट उकळत्या पाण्यात टाकले तर ताज्यापेक्षाही सहज सोलले जातात.

ही साल काढायचीच नाही, असाही एक पदार्थ आहे: जपानचा शिबुकावा-नी. चेस्टनट गरम पाण्यात भिजवून फक्त बाहेरचं टरफल काढतात, आतल्या सालीला ओरखडाही पडू देत नाहीत. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं उकळून ते लालभडक पाणी फेकून देतात, असं दोन-तीनदा. प्रत्येक वेळी सालीवरच्या जाड शिरा आणि लव बोटांनी हळूच चोळून काढतात. तुरटपणा गेला की शेवटी साखरेच्या पाण्यात मुरवतात. एखाद्याची साल फाटली तर सोड्याच्या पाण्यात तो विरघळून बाकीच्यांचा पाकही गढूळ करतो, म्हणून फाटलेला आधीच बाजूला काढावा.

उकडून: प्युरी, सूप, भात

प्युरीसाठी ५०० ग्रॅम सोललेले चेस्टनट, ते बुडतील इतकं दूध (साधारण अर्धा लिटर), चिमूट मीठ आणि व्हॅनिलाची अर्धी शेंग. मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं, चमच्याने दाबल्यावर फुटेपर्यंत. दूध गाळून बाजूला ठेवा, फेकू नका. चेस्टनट गरम असतानाच चाळणीवर घासून काढा आणि लागेल तसं तेच दूध घालून मऊसूत करा. मिक्सर चालतो, पण दमादमाने फिरवा. स्टार्च जास्त घोटला गेला की प्युरी चिकट होते. शिवाय चाळणीवर घासली तर चुकून राहिलेली साल वर अडकते, मिक्सरमध्ये ती दळली जाऊन सगळ्यात मिसळते.

सूप याहून सोपं. एक कांदा, एक गाजर आणि सेलरीचा एक दांडा बटरमध्ये मंद परता, त्यात ४०० ग्रॅम शिजवलेले चेस्टनट आणि लिटरभर स्टॉक घालून वीस मिनिटं उकळा, मग वाटा. क्रीमची फारशी गरज पडत नाही, कारण दाटपणा स्टार्चमधूनच येतो. ते गार होताना आणखी घट्ट होतं, म्हणून वाटीत वाढताना तुम्हाला हवं त्यापेक्षा थोडं पातळच ठेवा. शेवटी लिंबाचे चार थेंब किंवा चमचाभर व्हिनेगर विसरू नका. चेस्टनटची गोडी एकसुरी आहे. आंबट, खारट किंवा कडवट काहीतरी शेजारी असलं की ती खुलते. ब्रसेल्स स्प्राउट्स, मशरूम, सेजची पानं, खारवलेलं डुकराचं मांस यांच्याशी त्याची जोडी जमते ती म्हणूनच.

भातात मात्र कच्चे चेस्टनट घालायचे. जपानी कुरी-गोहानसाठी फळं अर्धा तास गरम पाण्यात भिजवून दोन्ही सालं सुरीने तासतात, बुडाकडून टोकाकडे. दोन कप तांदळाला २०० ते २५० ग्रॅम चेस्टनट, चमचाभर मीठ, थोडी साके (तांदळाची जपानी दारू) आणि कोंबूचा (वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा) तुकडा घालून सगळं एकत्रच शिजवतात. तांदूळ शिजतो तेवढ्या वेळात मोठे तुकडेही शिजतात.

पीठ

चेस्टनटचं पीठ हा वेगळाच प्राणी. इटली आणि कॉर्सिकाच्या डोंगरांत जिथे गहू नीट पिकत नसे तिथे लोक शतकानुशतकं यावर जगले. तिथे या झाडाला भाकरीचं झाड म्हणत. टस्कनीत दगडी सुकवणघरांत खाली मंद धूर-आच ठेवून फळं तीस-चाळीस दिवस वाळवतात, मग टरफलं काढून दळतात. अशा पिठाला धुराचा हलका वास असतो आणि तो हवाच. विकत घेताना चिमूटभर चाखा: गोड लागलं पाहिजे. कडवट किंवा कुबट लागलं तर ते जुनं आहे. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवा.

या पिठात ग्लूटेन नाही, म्हणजे हवा धरून ठेवणारं जाळंच नाही. त्यात अंगभूत साखर आहे, म्हणजे ते लवकर करपतं. आणि त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून दरवेळी चाळायचं. पावात वापरायचं असेल तर एकूण पिठाच्या वीस टक्क्यांपासून सुरुवात करा: ४०० ग्रॅम गव्हाचं, १०० ग्रॅम चेस्टनटचं. तीस टक्क्यांच्या पुढे पाव विटेसारखा होतो. ओव्हन नेहमीपेक्षा दहा-पंधरा अंश कमी ठेवा.

नुसत्या या पिठाचा स्वभाव समजून घ्यायचा तर टस्कनीचा कास्तान्याच्चो करून बघा. यात साखर नाही, अंडं नाही, बेकिंग पावडरही नाही. ३०० ग्रॅम चाळलेल्या पिठात चिमूटभर मीठ घाला आणि ४२० ते ४५० मिलिलिटर गार पाणी थोडं थोडं घालत फेटा. मिश्रण सरसरीत हवं, चमच्यावरून अखंड धारेने पडणारं. दोन चमचे ऑलिव्ह तेल आणि भिजवलेले मूठभर बेदाणे मिसळून अर्धा तास झाकून ठेवा. २८ सेंटिमीटरच्या टिनला भरपूर तेल लावून मिश्रण ओता, थर सेंटिमीटरभरच जाड हवा. वर चिलगोजे आणि रोझमेरीची पानं पसरा, तेलाची धार सोडा आणि २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं भाजा. वरचा पृष्ठभाग सुकून त्याला वाळलेल्या चिखलासारख्या भेगा पडल्या की झालं. पहिल्या घासाला हा केक आहे की काय आहे असा प्रश्न पडतो: दाट, ओलसर, कमी गोड, धुरकट. साखर घालून तो ‘सुधारू’ नका, शेजारी रिकोटा (मऊ, ताजं इटालियन चीज) आणि मध ठेवा.

हेच मिश्रण थोडं पातळ करून तव्यावर पातळ धिरडी काढली तर ती नेच्ची. ती टस्कनीत लोखंडाच्या दोन गोल पात्यांमध्ये भाजतात आणि रिकोटा भरून गुंडाळतात. घरी नॉनस्टिक तवा पुरतो, फक्त उलटायची घाई करू नका. कडा आपोआप सुटेपर्यंत ग्लूटेनशिवायचं धिरडं तुटतंच.

गोड क्रीम आणि केक

फ्रान्समधल्या आर्देश प्रांतातल्या प्रिव्हा गावी क्लेमाँ फोजिए यांनी १८८२ मध्ये चेस्टनटचा कारखाना काढला, आणि १८८५ मध्ये पाकवलेल्या चेस्टनटचे मोडके तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांची व्हॅनिला घातलेली क्रीम विकायला सुरुवात केली. तीच ही क्रेम द मारों. घरी करायची तर पाण्यात उकडून चाळलेली किलोभर प्युरी, ७०० ग्रॅम साखर, २०० मिलिलिटर पाणी आणि व्हॅनिलाची एक शेंग. आधी साखरेचा पाक करा, मग प्युरी घाला आणि मंद आचेवर सतत घोटा. बुड लागायला एक क्षण पुरतो, आणि उडणारे बुडबुडे चांगलेच पोळतात, तेव्हा लांब दांड्याचा चमचा घ्या. चमचा ओढल्यावर पातेल्याचा तळ क्षणभर दिसत राहिला की उतरवा. साखर कमी केलीत तर ती फ्रीजमध्येच ठेवावी लागेल.

डबा विकत आणताना लेबल वाचा: बिनसाखरेची प्युरी आणि गोड क्रीम हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि एकाच्या जागी दुसरं वापरलं की केक फसतो.

केकचं सूत्र लक्षात ठेवायला सोपं: ५०० ग्रॅम गोड क्रीम, १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम डार्क चॉकलेट, ३ अंडी. पीठ नाही, वरून साखर नाही. बटर आणि चॉकलेट एकत्र वितळवा, क्रीम मिसळा, एकेक बलक घाला. पांढरं वेगळं फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळा. न फेटता अंडी अख्खीच घातली तर केक जास्त दाट होतो, तोही वाईट नाही. २० सेंटिमीटरच्या टिनमध्ये बटर पेपर घालून १६० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. मधला भाग किंचित डुलत असतानाच बाहेर काढा आणि टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते. खाणाऱ्यांत कोणाला लॅटेक्सची ॲलर्जी आहे का, हे मात्र विचारून घ्या. तशा काही जणांना चेस्टनटही सोसत नाही.

माँ ब्लांसाठी भाजायचं फारसं काही नसतं. तळाला मेरांग (अंड्याचं पांढरं आणि साखर फेटून भाजलेलं कुरकुरीत बिस्कीट), वर न गोडवलेलं फेटलेलं क्रीम आणि त्यावर शेवेसारखी काढलेली प्युरी. पॅरिसमधलं १९०३ पासूनचं अँजेलिना हे टीरूम याच पदार्थासाठी प्रसिद्ध आहे. प्युरी साच्यातून काढण्याइतकी घट्ट हवी. सैल वाटली तर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

पाकवलेले अख्खे चेस्टनट

मारों ग्लासे करायला कठीण नाही, पण चार-पाच दिवस त्यावर लक्ष ठेवावं लागतं. एकदम दाट पाकात टाकलं तर पाक गरातलं पाणी ओढून घेतो, फळ आक्रसतं आणि कडक होतं. म्हणून पाक रोज थोडा थोडा दाट करायचा. मोठे, अखंड, सोललेले चेस्टनट मलमलच्या कापडात सैल बांधून खदखदू न देता मऊ होईपर्यंत शिजवा. साखर आणि पाणी समान घेऊन व्हॅनिला घातलेला पाक करा, गरम पाकात चेस्टनट सोडा, मिनिटभर मंद उकळून गॅस बंद करा आणि चोवीस तास झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी चेस्टनट झाऱ्याने काढा, पाक पाच मिनिटं आटवा, परत सोडा. असं आणखी तीन दिवस. शेवटी जाळीवर निथळू द्या, पिठीसाखर आणि थोडा पाक मिसळून पातळ लेप लावा आणि २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवा म्हणजे लेप पारदर्शक होऊन बसतो. काही तुटतीलच. ते, उरलेला पाक आणि थोडं बटर एकत्र घोटलं की पॅनकेकवर घालायला होतं. अखंड राहिलेले एकेक कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा.